संहितेविना रात्रभर : तळकोकणातला दशावतार

फोंडाघाटातून वर चढणारा रस्ता दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूरला पोचतो. घाटमाथ्यापलीकडे तमाशाचा मुलूख, घाटाखाली दशावताराचा. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की या पायथ्यापासून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या देवळांसमोर रात्रभर नाटक रंगतं. जत्रा तिथीवर ठरलेली, बहुतेक गावांत मंडळही परंपरेने ठरलेलं. संवाद मात्र ठरलेले नसतात. ते रंगमंचावरच जन्मतात.

देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून आत गेली की नाटकाला तोंड फुटतं. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. आधी पूर्वरंग, म्हणजे ‘आड दशावतार’. गणपती, रिद्धी-सिद्धी, त्याची पूजा सांगणारा भटजी, मग सरस्वती. पाठोपाठ काळ्या वेषातला संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा दैत्य अस्सल मालवणीत बोलतो, गावातल्या ताज्या गोष्टींवर टोले हाणतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. दशावतार हे नाव असलं तरी दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत. मत्स्यावताराची ही कथा संपली की उत्तररंग सुरू होतो आणि रामायण, महाभारत किंवा पुराणांतलं एखादं आख्यान पहाटेपर्यंत चालतं. शेवटी दहीहंडी फुटते, म्हणून या खेळाला ‘दहीकालो’ असंही म्हणतात.

आख्यानाची तयारी रंगपटात होते. नट आपापला चेहरा रंगवत असतात आणि जाणता नट कथा, भूमिका आणि प्रवेशांचा क्रम सांगतो. कोण कुणाचा शत्रू, कुठे युद्ध, कुठे शाप, एवढं कळलं की पुरे. पुढचं प्रत्येकाने स्वतःच्या जिभेवर पेलायचं. राजा येतो, आपली ओळख आपणच देतो, पद गातो आणि बाकड्यावर बसतो. हेच बाकडं सिंहासन, हाच पर्वत, हीच शेज. समोरच्या पात्राने धर्माचा एखादा पेच टाकला की राजपार्टी नटाला तिथल्या तिथे पुराणातला दाखला देऊन तो सोडवावा लागतो. पेटीवाला त्याच्या आवाजाचा कल ओळखून सूर धरतो, मृदंगवादक पावलांवर नजर ठेवून युद्धाची लय वाढवतो.

हे सारं आयत्या वेळचं असलं तरी वाऱ्यावर सोडलेलं नसतं. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारखे ग्रंथ मुरलेले असतील तरच उत्तर सुचतं. समोरच्याचं नीट ऐकलं तरच ते शोभतं. स्त्रीपार्टी करणाऱ्या पुरुषाला पदर सावरण्यापासून विलापापर्यंत सगळं अंगी बाणवावं लागतं. हे शिक्षण मंडळाबरोबर गावोगाव फिरूनच मिळतं. पेटारे डोक्यावर घेऊन पायी गावं गाठण्याचा काळ होता, तेव्हापासून ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण इथे रुळली आहे. नेरूरचे बाबी कलिंगण आणि त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण यांची नावं आजही आदराने घेतली जातात. ‘लोकराजा’ म्हणून गाजलेले सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले.

या कलेची सर्वांत मोठी कसोटी ‘संयुक्त दशावतारा’त लागते. निरनिराळ्या मंडळांतले नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. सोबत तालीम केलेली नसते, तरी नाटक उभं राहतं, कारण कथेची आणि रीतीची शिस्त सगळ्यांची एकच असते.

इटलीत सोळाव्या शतकापासून रंगलेल्या कॉमेदिया देल्लार्तेची रीत याच्या जवळची होती. पात्रं ठरलेली, हाताशी कथानकाचा आराखडा, बाकी नटांचा हजरजबाबीपणा. कॅनडातल्या कॅलगरीत कीथ जॉनस्टन यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘थिएटरस्पोर्ट्स’मध्ये तर गोष्टच जागेवर घडते आणि पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. आपल्याकडे कथा सगळ्यांना पाठ असते. अभिमन्यू चक्रव्यूहातून सुटणार नाही हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याची आई आज कुठल्या शब्दांत रडेल, एवढंच बघायला गाव जागतं. म्हणून इथला प्रेक्षक जाणकार असतो आणि कच्चा नट त्याच्यापुढे टिकत नाही.

मराठी रंगभूमीचं मूळही इथून दूर नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही सूत्रधार पदं गायचा आणि नट स्वतःच्या शब्दांत बोलायचे. लिहिलेले संवाद पुढे आले आणि शहरातल्या नाटकाने जुनी वाट सोडली. तळकोकणाने ती चालू ठेवली.

आता ट्रिकसीन आले, विजेचे झगमगाट आले, स्पर्धांमध्ये वेळेची मर्यादा आली. २०२५ मध्ये ‘दशावतार’ चित्रपटाने ही कला राज्यभर पोचवली. नव्या साधनांचं भय बाळगायचं कारण नाही. जपायला हवा तो नटाचा अभ्यास आणि प्रेक्षकाचा कान. तासाभराच्या खेळात दृश्यं मावतात, पण दोन नटांचा धर्मावरचा वाद पिकायला रात्र लागते. हंगामात घाट उतरून या भागात येणाऱ्याने एखाद्या जत्रेला संकासुराच्या हशापाशी न उठता दहीकाल्यापर्यंत बसावं. या कलेला खरा आश्रय अशा बसून राहणाऱ्या माणसांचाच आहे.