कापसाचं जिन

यवतमाळ, वणी, पांढरकवडा भागातला कापूस जिनात जातो. तिथे रुई आणि सरकी वेगळी होते. हे ‘जिन’ म्हणजे ‘एंजिन’चंच आखूड रूप. मूळ लॅटिन ‘इन्जेनियम’, अर्थ उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याला युक्ती, डावपेच, अगदी पाखरं धरायचा फास असेही अर्थ होते. पुढे कल्पक यंत्रालाही ‘जिन’ म्हणू लागले. १७९४ साली अमेरिकेत एली व्हिटनीला सरकी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि हा शब्द कापसाशी घट्ट जोडला गेला. ‘इंजिनिअर’ही त्याच कुळातला, म्हणून मला तो जिनातल्या मिस्त्रीलाही शोभतो असं वाटतं. दारूच्या ‘जिन’चा याच्याशी संबंध नाही, ते नाव ज्युनिपरच्या झाडावरून आलं. आणि ‘कॉटन’ मुळात अरबी, ‘कुत्न’.