चौथ्या गटाचा रंग

ग्रामसभेत पडद्यावर विहिरींच्या पाण्याचा आलेख लावला होता. मागून एक आजोबा उठले, "आमची हीर तांबडी का? पाणी नासलंय का?" तसं काही नव्हतं. टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट अशा आकड्यांवरून संगणकाने विहिरींचे सात गट पाडले होते आणि चौथ्याच्या वाट्याला तांबडा आला होता, एवढंच. हे रंग ठरवतं कोण, ते बघायला मी भिंगार गाठलं.

आलेख करणारी मुलगी तिथे भाड्याच्या खोलीत काम करते. "संगणक गटाला नंबर देतो, नाव देत नाही. नाव लोक रंगावरून ठेवतात," ती म्हणाली. म्हणून भगवा, हिरवा, निळा हे तिघं एका आलेखात ती सहसा येऊ देत नाही. त्यांचे अर्थ गावात आधीच ठरलेले असतात.

तेवढ्यात शेजारचा पोरगा डोकावला. भरतीसाठी रोज पहाटे पळायचा, पण रंगांधळेपणा तपासणाऱ्या इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर अडला. 1917 पासूनची ही चाचणी इथल्या पोरांना पाठ असते. त्याने पडद्याकडे पाहिलं. "ताई, तिसरा अन् चौथा एकच हायेत की." हिरवा आणि तांबडा!

"बारात एक," ती म्हणाली. हा आकडा युरोपीय वंशाच्या पुरुषांमधल्या रंगांधांचा. आपल्याकडे प्रमाण कमी आहे. पण बारात एक नसला, तरी भरल्या ग्रामसभेत असा कुणीतरी निघतोच.

मग तिने ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांचे, रंगांधांनाही वेगळे ओळखता येणारे आठ रंग काढले. दोघेही स्वतः रंगांध. त्यातला शेंदरी छोट्या गटाला दिला, मोठ्याला फिका आकाशी. पिवळा पांढऱ्यावर विरायला लागला, त्याला काळी कड लावली. झेरॉक्स काढली तर दोन गट एकाच करड्यात मिसळले; एकाचे ठिपके त्रिकोणी केले.

दोन गटांच्या सीमेवरच्या विहिरींचं काय? रंग जितका ठळक, तितका गट पक्का वाटतो. प्रत्यक्षात तिथलं पाणी दोन्हीकडचं असतं. त्यावर तिचा उपाय म्हणजे सात पानांवर सात आलेख, प्रत्येकात एकच गट रंगीत, बाकी सगळे राखाडी.

काम देणाऱ्यांना मात्र सगळं एका पानावर हवं आहे. मला विचाराल तर त्यांनी सात पानांचा खर्च सोसावा.