सुरीची धार: पाच अंशांचा हिशेब

भारतातून आई किंवा सासूबाई राहायला आल्या की चारपाच दिवसांत एक वाक्य ऐकू येतेच : "तुमच्या या सुरीनं मेला साधा टोमॅटो चिरत नाही!" मग त्या जोर लावून चिरतात, संध्याकाळी मनगट चोळत बसतात, आणि आपण मनात म्हणतो, वय झालं आता. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, सुरीचा असतो. तिकडे धार लावणारा सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत दारातच चाक फिरवत असे. इथे तो येत नाही. सुरी बोथट होत जाते आणि एखाद्या सेलमध्ये नवा संच घरात येतो. खरे तर हे काम घरी तासाभराचे आहे आणि त्यासाठी काढावे लागणारे पोलाद ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकेही नाही. कसे ते पाहू.

धार म्हणजे काय?

पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा उतार देण्याची जुनी रीत आहे, म्हणजे एकूण कोन ४० अंश. जपानी सुऱ्यांना तोच १५ किंवा त्याहून कमी असतो. सुरी घेणारा ती काचेच्या पाटावर आपटेल, गोठलेल्या मटणावर चालवेल की डिशवॉशरमध्ये टाकेल, हे कारखानदाराला ठाऊक नसते. म्हणून तो धारेमागे पोलाद जाड ठेवतो. आपले काम मुख्यतः कांदा, कोबी, कोथिंबीर यांचे. त्याला चांगल्या सुरीवर १५ अंश पुरतात.

सुरी ही शेवटी पाचरच. घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला तर लागणारा जोर उताराच्या 'टॅन'च्या प्रमाणात असतो. २० अंशांचा टॅन ०.३६४, १५ अंशांचा ०.२६८. म्हणजे तेच काम सुमारे पाव हिस्सा कमी जोरात होते. प्रत्यक्षात भाजीचे घर्षण आणि पात्याची जाडीही आड येते, पण फरक हाताला जाणवतो. शिवाय बोथट सुरी टोमॅटोच्या सालीत शिरत नाही, घसरते, आणि आपण लावलेल्या सगळ्या जोरासकट बोटावर येते.

एकदाच कोन बदलायचा, मग अधूनमधून फक्त धार लावायची, अशी ही दोन कामे आहेत. पहिले वेळखाऊ, दुसरे पाचदहा मिनिटांचे.

सात सेंटची नाणी

कोन मोजायला यंत्र नको. समजा पाते ४५ मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ २ मिलिमीटर जाड. १५ अंशांचा साइन ०.२५९. गुणाकार ११.६, त्यातून अर्धी जाडी वजा केली की पाठीखाली १०.६ मिलिमीटर अंतर हवे. अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्याची जाडी १.५२ मिलिमीटर, म्हणजे सात नाण्यांची चळत. (२०२५ मध्ये टांकसाळीने रोजच्या व्यवहारासाठी ही नाणी पाडणे थांबवले, पण प्रत्येक घरात एक बरणी भरलेली असतेच.) चळत दगडावर ठेवून पाठ तिला टेकवा, हाताला कोन कळला की चळत काढा.

आता पोलाद किती जाईल? उतार सुरू होतो तिथे पाते अर्धा मिलिमीटर जाड धरा. उताराची रुंदी ०.७३ वरून ०.९७ मिलिमीटर होईल. आठ इंची सुरीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे १२ घन मिलिमीटर पोलाद निघते, वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहून किंचित कमी. चार तांदळाचे दाणे!

प्रत्यक्ष काम

एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० नंबर असलेला पाण्याचा दगड घ्या. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. बरेच दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुरुंदाचे असतात. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही तमिळमधून, आपल्याकडूनच गेला आहे. दगडाखाली ओला टॉवेल घाला, म्हणजे तो सरकत नाही.

उतारावर मार्करची शाई फासा आणि ४०० वर पाते मागेपुढे घासा. दहा घासण्यांनंतर पाहा. आधी शाई उताराच्या वरच्या काठाला जाईल, धारेजवळ तशीच राहील. हेच बरोबर आहे, कारण जुना खांदा आधी झिजायला हवा. इथे घाई करून पाठ उचलू नका, नाहीतर जुनाच कोन परत येतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा नियम इथेही लागू आहे : दोष नेमका कुठे आहे हे दिसल्याशिवाय दुरुस्ती करू नये. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ जराशी उचलावी, म्हणजे कोन तोच राहतो.

शाई धारेपर्यंत गेली की पलीकडच्या बाजूला पोलादाचा अतिसूक्ष्म काठ वळतो. कारखान्यात त्याला 'बर' म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर हलकेच ओढला की तो खरखरीत लागतो. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत बर अखंड लागला, तरच ती बाजू पुरी झाली. मग दुसरी बाजू. नंतर १००० वर ४०० चे ओरखडे पुसून काढा, आणि शेवटी एकेक बाजू आलटूनपालटून, अगदी हलक्या हाताने. उरलासुरला बर जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून ओढला की निघतो. बर काढला नाही तर सुरी पहिल्या दिवशी छान चालते आणि आठवड्यात बसते.

सुरी धुऊन पुसा, कारण तिच्यावर पोलादाची भुकटी असते. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला, पिकलेल्या टोमॅटोत सुरी आपल्या वजनाने शिरली, की काम झाले. संचाबरोबर येणारी पोलादी कांडी मुख्यतः वळलेली धार सरळ करते, नवा कोन देत नाही, पण रोज दोनचार वेळा फिरवली तर दगडाची पाळी लांबते.

सगळ्या सुऱ्यांना हा कोन लावू नका. नारळ, सुरण, हाडे यांसाठी एक जाड सुरी २० अंशांवरच असू द्या. पावाची दातेरी आणि सिरॅमिकची सुरी या दगडावर घेऊ नये.

आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पाहुण्या आईंना, आवर्जून सांगा की सुरीला धार लावली आहे. जोर देऊन चिरायची सवय झालेला हात पहिल्याच दिवशी कापून घेतो.