लडाखी घराची हिवाळी बेगमी

समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर वसलेल्या लेहच्या परिसरात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरतो, द्रासच्या खोऱ्यात तर त्याहूनही खाली जातो. आणि झोजी ला खिंडीतील बर्फाने काश्मीरकडचा रस्ता पूर्वी महिनोन्महिने बंद राहत असल्यामुळे, तेवढा काळ घरात जे असेल त्यावरच माणसांना व जनावरांना निभावून न्यावे लागे. अशा मुलखात थंडीचा बंदोबस्त म्हणजे भरपूर सरपण जाळणे, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जिथे वृक्षांचेच दुर्भिक्ष, तिथे तो मार्ग मुळातच अवरुद्ध झालेला असतो. म्हणून तेथील शेतकऱ्याने उष्णता निर्माण करण्यापेक्षा हाती आलेली उष्णता राखण्याची विद्या संपादन केली, आणि तिची तजवीज तो घराचा पाया आखतानाच करू लागला.

विरळ, शुष्क आणि बहुधा निरभ्र हवा हे तेथील थंडीचे कारणही आहे आणि तिच्यावरील उपायही. बाष्प व ढग यांचे पांघरूण नसल्याने भूमीने दिवसा घेतलेली उष्णता रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात निघून जाते. पण त्याच हवेतून सूर्यप्रकाशही फारसा न अडता खाली पोहोचतो, आणि ऐन हिवाळ्यातील दुपारी दक्षिणाभिमुख भिंत हाताला ऊबदार लागते. जुने लडाखी घर शक्य तिथे डोंगराच्या दक्षिण उतारावर, मोठ्या खिडक्या दक्षिणेस व उत्तरेची भिंत जवळजवळ बंद, असे बांधलेले आढळते. भिंती न भाजलेल्या विटांच्या व जाड. अशी भिंत तापण्यास जितका विलंब लावते तितकाच निवण्यासही लावीत असल्यामुळे, दुपारचे ऊन घरात पुष्कळ रात्र होईपर्यंत पुरते. तळमजल्यावर जनावरे बांधतात. त्यांच्या अंगची ऊब वरच्या खोल्यांना लाभते, आणि कडाक्याच्या दिवसांत सारे कुटुंब चुलीच्या एकाच खोलीत वावरते.

छपराची योजना मला सर्वांत विलक्षण वाटते. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या काटक्या आणि वर मातीचा थर, असे हे सपाट छप्पर असते. शरद ऋतूत त्यावर वैरणीच्या पेंढ्या व वाळलेल्या गोवऱ्या रचल्या जातात. पेंढ्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने, जनावरांचा चारा हेच घराचे उष्णतारोधक आवरण ठरते; हिवाळा सरत जातो तसतसा हा साठा खर्ची पडतो, आणि ऊन वाढू लागेल त्या सुमारास छप्पर मोकळे होते. या रचनेचा कोणी लेखी आराखडा केला नव्हता, तरीही एवढा काटेकोर हिशेब तीत उतरला आहे.

अन्नाची बेगमी याच शास्त्राला धरून चालते. जर्दाळू व पालेभाज्या कोरड्या हवेत, उन्हात सुकवितात. सलगम, गाजरे, बटाटे जमिनीतील खोल खड्ड्यात पुरतात. ओलसर मातीतील प्रत्येक लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे गोठण्याची सीमा खाली सरकण्यास फार काळ लागतो, आणि तिच्या खालचा भाजीपाला शाबूत राहतो. पाण्याचे हेच गोठणे नळाच्या बाबतीत मात्र साह्य करीत नाही. कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते व नळ फुटतो. पाण्यावाचून चालणारा, मातीच्या थराने झाकण्याचा आणि शेवटी शेताला खत देणारा पारंपरिक शौचकूप तेथे टिकून राहिला, यामागे हे सबळ कारण आहे.

खोली तापविणाऱ्या शेगडीविषयी, म्हणजे बुखारीविषयी, मात्र कळकळीने सांगितले पाहिजे. दारे-खिडक्या घट्ट लावून, धुराडे तुंबलेले असताना ती रात्रभर धुमसत ठेवणे प्राणघातक होय; अपुऱ्या ज्वलनातून उत्पन्न होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन असून, तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी दृढ चिकटतो. धुराडे हिवाळ्यापूर्वी झाडून घेणे, निजण्याआधी विस्तव पूर्ण विझविणे आणि हवेला एक वाट मोकळी ठेवणे, एवढी दक्षता प्रत्येक घराने घेतलीच पाहिजे.

विस्तवावरील हे अवलंबन कमी करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. काळ्या रंगाच्या जाड भिंतीपुढे काच बसवून उष्णता साठविण्याची कल्पना अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ साली पेटंट केली, आणि फ्रान्समधील फेलिक्स ट्रोम्ब यांनी १९६० च्या दशकात पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे ती घरांत उतरविली. लडाखात तिला मातीच्या भिंतीची जोड मिळाली. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सेकमोल’ संस्थेच्या, लेहजवळील फे गावच्या आवारातील मातीच्या इमारती प्रामुख्याने सूर्याच्याच ऊबेवर हिवाळा काढतात. असे असता, मातीच्या मानाने उष्णता कितीतरी वेगाने वाहू देणाऱ्या काँक्रीटची, दिशेचा विचार न केलेली घरे तेथे वाढत आहेत, ही मला खेदाची बाब वाटते. सरकारी इमारतींच्या नकाशांना मंजुरी देताना निदान दक्षिण दिशेची अट दप्तरी नोंदवावी. लेहला हिवाळ्यात सर्वांत लहान दिवशी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघ्या ३२ अंशांवर असतो आणि उन्हाळ्यात ७९ अंशांवर चढतो. त्यामुळे खिडकीवर बेताची पडवी काढली, तर जानेवारीचे ऊन खोलीच्या आतपर्यंत शिरते आणि जूनचे दाराबाहेरच अडते.