आधी ब्रेक, मग रिमॅप

परवडणाऱ्या किमतीतली स्पोर्टी सेडान म्हटलं, की पोरांच्या तोंडी दोन नावं हमखास येतात: फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय आणि तिची बहीण स्कोडा स्लाव्हिया. दोन्ही २०२२ साली आल्या. १५० पीएस शक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. तेवढ्यावर भागत नाही, मग सुरू होतं 'स्टेज वन'चं वेड.

स्टेज वन म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला, ईसीयूमधला, प्रोग्रॅम बदलणं. टर्बोने किती दाबाने हवा ढकलायची, पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, हे सगळं तोच ठरवतो. कंपनीने वाईट पेट्रोल, मे महिन्याचं ऊन आणि हयगय करणारा मालक या सगळ्यांचा विचार करून हात जरा राखलेला असतो. रिमॅपवाला तो राखीव भाग वापरतो. म्हणून टर्बो गाडीत फरक लगेच कळतो. टर्बो नसलेल्या इंजिनात त्याच पैशात फारसं काही हाती लागत नाही.

पण वाढलेला टॉर्क पुढे कुठेतरी जातोच ना! या गाड्यांच्या ऑटोमॅटिकमधला डीक्यू२०० गिअरबॉक्स मुळात २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठीच आखलेला आहे. म्हणजे तो आधीच काठोकाठ भरलेला. शिवाय मागच्या चाकांना डिस्क नाहीत, ड्रम आहेत.

माझ्या मावसभावाची गाडी याच वर्गातली. रिमॅप झाला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसला. ब्रेक फ्लुइड मात्र गाडी घेतली तेव्हाचंच. डिसेंबरात आम्ही बेळगावहून जुन्या गोव्याच्या फेस्ताला निघालो. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली. चोर्ला घाट उतरताना स्वारी ब्रेकवर ब्रेक मारत होती. एका वळणावर पेडल स्पंजासारखं आत गेलं. मावशी मागून ओरडलीच. नशिबाने पुढे थोडा सपाट रस्ता होता.

झालं काय, तर ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी ती मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय ब्रेकऐवजी बुडबुडेच दाबत बसतो. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलणं हा माझ्या मते पहिला 'अपग्रेड'. मग चांगले पॅड, मग चांगले टायर. रिमॅप त्यानंतर. आणि घाट उतरताना खालचा गिअर टाका की राव, तो तर फुकटच आहे!

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांत बदल करू देत नाही. कलम १८२अ खाली एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वॉरंटीचा वाद वेगळाच.

मावसभावाने फ्लुइड आणि पॅड दोन्ही बदलले. मावशी मात्र अजून गोव्याला बसनेच जाते.