काम सुटल्यानंतरचा विमा आणि विलंबाचा काळ

कर्मचारी राज्य विमा (‘ईएसआय’) योजनेखाली विमा असलेल्या, म्हणजे ज्यांच्या वेतनातून ‘ईएसआय’ची वर्गणी कापली जाते अशा कामगारांसाठी जुलै २०१८ पासून काम सुटल्यावर साहाय्य देणारी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ लागू झाली. आरंभी सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के असलेले साहाय्य २०२० मध्ये ५० टक्के करण्यात आले आणि अर्जापूर्वी ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली. मात्र हे साहाय्य जास्तीत जास्त ९० दिवसांचे असते, आणि गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्यांना किंवा नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांना ते मिळत नाही.

आधार, बँक खाते आणि विमा नोंद यांतील नाव वा जन्मतारीख जुळत नसल्यास, किंवा मालकाने वर्गणीचा भरणा नीट नोंदवलेला नसल्यास दावा अडकतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक कामगार आपण अपात्र ठरलो असे समजून पाठपुरावा सोडतात, ही या व्यवस्थेतील सर्वांत दुःखद बाब होय. प्रलंबित दावा म्हणजे नाकारलेला दावा नव्हे. ‘ईएसआय’च्या शाखा कार्यालयाकडे लेखी विचारणा करता येते, आणि माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार मागितलेली माहिती सामान्यतः ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. हे साहाय्य दान नसून वर्गणीतून उभ्या राहिलेल्या विम्याचा लाभ आहे. म्हणून संकोच न बाळगता कामगारांनी प्रत्येक अर्जाची पोच मागावी, ती जपून ठेवावी आणि उत्तर येईपर्यंत विचारणा चालू ठेवावी.