लाकडाआधी वायरिंग

समुद्रकाठच्या किहीमच्या हवेत लाकूड स्वस्थ बसत नाही. पावसाळा लागला की दारं चौकटीत अडकतात, उन्हाळ्यात तीच सैल होतात. गिटारची मान तरी कशी सरळ राहणार? म्हणून इथे इलेक्ट्रिक गिटार बांधायची तर फळी पुरती वाळलेली हवी, मानेच्या पोटात पोलादी ट्रस रॉड हवा आणि वर शिसवीची पट्टी. ही शिसवी आपल्या सह्याद्रीतही वाढते. 2017 मध्ये तिच्या साऱ्या वंशाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा जगभरचे गिटार बनवणारे अडचणीत आले होते. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

पट्टीवर पडद्यांच्या खुणा करताना हिशेब चालतो. तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली, तर बारावा पडदा बरोबर 324 वर. पडदा थोडा जरी सरकला, तरी सूर बोलून दाखवतो.

आवाजाचा स्वभाव मात्र मुख्यतः पिकअप आणि वायरिंगमध्ये ठरतो. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उमटते. पण घरातल्या 50 हर्ट्‌झच्या विजेची घूंही हेच वेढे टिपतात. आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवला की इतर खरखर कमी होते. ही चुंबकीय घूं मात्र त्याला दाद देत नाही.

तिच्यावर इलाज काढला गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने, 1955 मध्ये. दोन वेटोळी, चुंबक उलटसुलट, जोडणीही उलटी. घूं एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र एकत्र येतो. हाच हंबकर.

खरी निवड पुढे आहे. दोन्ही वेटोळी एकामागोमाग जोडली, की आवाज जाड आणि दमदार. एकच वेटोळं चालू ठेवलं, की स्वच्छ आणि टोकदार, पण घूं परत हजर. बहुतेक जण हाच दुसरा पर्याय मागतात. तिसरा विसरला जातो: दोन्ही वेटोळी समांतर जोडायची. आवाज थोडा हलका पण उजळ होतो आणि घूं दबलेलीच राहते. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत, घूं जास्त असते तिथे, समांतर जोडणीच सरस.

त्यासाठी पिकअपमधून चार वायरी बाहेर आलेल्या लागतात. दोनच असतील, तर पिकअप उघडण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय ही अदलाबदल करणारा ओढायचा पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग) साध्या पॉटपेक्षा खोल असतो. पोकळी आधीच उथळ कोरली, तर तो बसत नाही आणि रंगवलेल्या अंगावर पुन्हा पटाशी चालवावी लागते.

गिटार बांधून घेणाऱ्याने पहिल्याच भेटीत लाकूड आणि रंग बाजूला ठेवावेत. आपण काय वाजवणार ते सांगावं, वायरिंगची आकृती कागदावर काढून घ्यावी, आणि मगच फळीला कोरायचा राउटर लावू द्यावा.